लाइनीला लागलेली मुंगी

एका जंगलात, बाळांनो, एक इंग्रजी शब्द येऊन राहिला होता. तो कुठून आला, कुणी आणला, याची चौकशी कुणी केली नाही. दिसायला साधा, खायला काही मागायचा नाही आणि सांगाल ते काम करायचा. म्हणून सगळ्यांनी त्याला ठेवून घेतला.

त्याचं नाव लाइन.

काजवे विझले की प्राणी म्हणत, लाइन गेली. पाणवठ्यावर गर्दी झाली की लाइन लागली. मोर पिसारा फुलवून लाइन मारत आणि लांडोरी लाइन देत नसत. कोल्ह्याची थेट सिंहापर्यंत लाइन होती, असं कोल्हाच सांगे. माकडाचं एखादं पोर उड्या मारायचं सोडून फांदीवर गप्प बसू लागलं, तर त्याचे आईबाप शेजारच्या झाडावर जाऊन सांगत, आलं बरं का आमचं लाइनीवर.

पण या शब्दाला सगळ्यात जास्त राबवलं ते मुंग्यांनी.

मुंग्यांच्या शाळेत पहिल्या इयत्तेत एकच धडा होता. पुढच्याचं ढुंगण बघायचं आणि चालायचं. दुसऱ्या इयत्तेतही तेच, पण न हसता.

टिपरी नावाची एक मुंगी दुसऱ्या इयत्तेत हसली. गुरुजींनी कारण विचारलं. तिने खरं कारण सांगितलं, आणि तिथे तिचं शिक्षण संपलं.

तेव्हापासून टिपरी एकटीच भटकायची. कधी ओढ्यावर, कधी करवंदीच्या जाळीत. तिला ठाऊक असलेलं निम्मं जंगल बाकीच्या वारुळाने पाहिलेलंही नव्हतं. पण त्याला कोण विचारतो? बारशाला गेली तरी तेच, बाराव्याला गेली तरी तेच.

"काय गं, सध्या कुठल्या लाइनला?"

"कुठल्याच नाही, काका."

मग काका तिच्याकडे असं बघत, की ज्याचं बारावं होतं त्याच्याकडेही कुणी इतक्या दुःखाने बघितलं नव्हतं. आणि लगेच म्हणत, आमचा धाकटा साखरेच्या लाइनला आहे. धाकट्याने तीन महिन्यांत साखरेचा कण पाहिलेला नसायचा. पण लाइनीत होता ना? झालं तर.

टिपरीच्या बाजूने बोलणारी एकटी बाळाक्का मावशी. मुंग्यांची आई म्हणजे राणी. तिला नऊ हजार लेकरं, नावं कुठून लक्षात राहणार? टिपरीला लहानाची मोठी केली ती या मावशीने. तिचा मधला डावा पाय अधू होता. सहातला एक अधू म्हणजे काही विशेष नाही, असं ती म्हणायची, आणि रोज लाइनीत सगळ्यांच्या बरोबरीने चालायची.

एकदा वारुळातलं धान्य संपलं. सभा भरली. अध्यक्ष अर्थातच अण्णासाहेब मुंगळे. वय झालेलं, डोकं मोठं, आत जागा भरपूर.

टिपरीने सांगितलं, ओढ्याकाठी फणस पडून फुटलाय, वारुळाला महिनाभर पुरेल. मग अण्णासाहेबांनी विचारलं की ही बातमी कुठल्या लाइनीने आली. टिपरी म्हणाली, मी स्वतः बघून आले. यावर थोडं हसू झालं. स्वतः बघितलेलं म्हणजे ऐकीवसुद्धा नाही, असं एक काका म्हणाले.

अण्णासाहेबांनी ठरवलं, आंब्यावर जायचं. आजोबा आंब्यावर गेले, आजोबांचे आजोबा आंब्यावर गेले.

"अण्णासाहेब, तो आंबा गेल्या साली तोडला," टिपरी म्हणाली.

"आंबा तोडला असेल," अण्णासाहेब म्हणाले. "लाइन नाही तोडलेली."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर खरं काय नि खोटं काय, हे बघत बसायचं नसतं. सगळं वारूळ निघालं. बाळाक्काही निघाली. मागे राहिल्या दोन दाया, चारशे भुकेल्या अळ्या आणि टिपरी.

टिपरी फणसाचा रस तोंडात धरून आणायची आणि अळ्यांना भरवायची. एक तोंड, चारशे अळ्या. पहिल्या दिवशी तिला वाटलं, मंडळी येतीलच. दुसऱ्या दिवशी अळ्या रडायच्याही थांबल्या. तिसऱ्या दिवशी वाटेत तिला गेनू भेटला. गेनू म्हणजे शेणकिडा. आपला गोळा आपण लोटायचा आणि कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, आमची लाइन वेगळी.

"तुमची मंडळी त्या तोडलेल्या आंब्याच्या बुंध्यावर आहेत की," गेनू म्हणाला.

"काय करतायत?"

"काम जोरात आहे. परवा बघितलं तेव्हा डावीकडून उजवीकडे चालली होती. काल बघितलं तेव्हाही डावीकडून उजवीकडे. आज सकाळी..."

पुढचं ऐकायला टिपरी थांबली नाही.

बुंध्यावर चढून बघते तर काय! अण्णासाहेब आंब्यापाशी पोहोचले होते. आंबा नव्हता. पण थांबायचं कसं, हे शाळेत कधी शिकवलंच नव्हतं. म्हणून ते बुंध्याच्या कडेकडेने चालत राहिले, आणि फिरून आले तेव्हा त्यांना समोर लाइनीतली शेवटची मुंगी दिसली. त्यांना आनंद झाला. आपल्याही पुढे कुणीतरी आहे म्हणजे रस्ता बरोबर असणार. ते तिच्या मागे लागले. तीन दिवस सगळं वारूळ गोल गोल फिरत होतं आणि ज्या वासाच्या मागे चाललं होतं, तो वास त्याचा स्वतःचाच होता.

टिपरीने शेवटच्या मुंगीला विचारलं, कुठे निघालात? ती म्हणाली, अण्णासाहेबांना ठाऊक. तिच्या मागोमाग अण्णासाहेब आले, तशी टिपरी त्यांच्या बाजूने चालू लागली आणि तेच विचारलं. ते म्हणाले, पुढच्यांना ठाऊक.

"अण्णासाहेब, तुम्ही गोल फिरताय."

"हरकत काही असेल तर लाइनीत उभी राहा," अण्णासाहेब न थांबता म्हणाले. "तुझा नंबर आला की बोल."

आणि ते निघून गेले. थोड्या वेळाने परत आले, परत निघून गेले.

मग बाळाक्का आली. तिचा अधू पाय नुसता फरपटत होता, आणि त्याच्या शेजारचाही. डोळे जवळजवळ मिटलेले. टिपरीने तिला धरलं आणि बाहेर ओढलं. बाळाक्काने अंगात नव्हतं तेवढं बळ आणून हात सोडवून घेतला.

"सोड गं. लाइन सोडली तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"तुझ्यासारखी झाली म्हणतील."

हे बोलणारी मावशी होती, काका नव्हते. टिपरी जागच्या जागी उभी राहिली. राग असा आला, की जा म्हणावं, फिरा मरेपर्यंत. ती बुंध्यावरून निम्मी खाली उतरलीसुद्धा. मग तिला तो फरपटणारा पाय आठवला. आणखी दोन फेऱ्या, फार तर तीन.

आणि मग तिला दुसरी इयत्ता आठवली. यांच्यातलं कुणी कुणाचं तोंड बघतच नाही.

ती परत वर आली. अंगाला फणसाचा रस चिकटलेलाच होता, तो तिने मागच्या बाजूला चांगला फासून घेतला. बाळाक्का जवळ आली तशी तिच्या नेमकं पुढे जाऊन घुसली आणि चालू लागली.

लाइनीत आनंदाची लाट उसळली. टिपरी आली, टिपरी लाइनीत आली, असा निरोप पुढे पुढे गेला आणि गोल फिरून मागून परत आला. अण्णासाहेबांचा ऊर भरून आला. ते नुकतेच टिपरीच्या पुढून गेले होते.

टिपरी अर्धी फेरी मुकाट चालली. बुंध्याला एके ठिकाणी कुऱ्हाडीची खाच होती. तिथे ती उजवीकडे वळली आणि सरळ खाली उतरली. बाळाक्काने वर बघितलंच नाही. नाकापुढे फणसाचा वास होता, त्याच्या मागे ती उतरली. तिच्या मागची तिच्या मागे. पुढे गेलेल्या मुंग्यांनी आपली फेरी पूर्ण केली, त्याही खाचेपाशी आल्या आणि पुढचीच्या मागे वळल्या. सगळ्यात शेवटी वळले अण्णासाहेब.

ओढ्याकाठी पोहोचल्यावर बाळाक्का एका गऱ्याला टेकून बसली आणि खात राहिली. बऱ्याच वेळाने तिने मान वर करून टिपरीकडे बघितलं. आपल्यातला रसाळ तुकडा काढून तिच्यापुढे सरकवला. टिपरीने तो उचलला आणि अळ्यांसाठी बाजूला ठेवला. संध्याकाळच्या आत चारशेच्या चारशे अळ्यांची पोटं भरली आणि वारुळात पुन्हा रडारड सुरू झाली. बाळाक्काला तो आवाज फार गोड वाटला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अण्णासाहेब म्हणाले, तीन दिवस उपाशी राहिलो पण लाइन सोडली नाही, म्हणूनच आज फणसापर्यंत पोहोचलो. टाळ्या पडल्या. मग टिपरीचा सत्कार झाला. फणस शोधल्याबद्दल नव्हे हं, बाळांनो. उशिरा का होईना, लाइनीला लागल्याबद्दल. टिपरी काहीतरी बोलायला उभी राहिली, पण तोंडात गरा होता. आणि काका तर केव्हाचे सगळ्यांना सांगत फिरत होते, आमची टिपरी सध्या फणसाच्या लाइनला असते.

महिन्याने फणस संपला. लाइन अजून तिथे जाते.

टिपरी मात्र तिच्यात नसते. ती आता जांभळीखाली भटकते, आणि हल्ली बाळाक्काही कधीकधी पाय मोकळे करायला तिच्याबरोबर जाते. मुंग्यांच्या शाळेत पहिल्या इयत्तेला आता टिपरीचं ढुंगण शिकवतात. दुसऱ्या इयत्तेतही तेच, पण न हसता.

तात्पर्य : मूल लाइन सोडून भरकटलं, तर मोठ्यांनी खचून जाऊ नये. मुकाट्याने त्याच्या मागे चालत राहावं, आणि पोट भरलं की पोर एकदाचं लाइनीला लागलं, असं जाहीर करावं.