आधी चौकशी, मग पाणी

आमच्या आजीचं पाणी फुकट मिळत नसे. शहरातल्या सदर भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, आणि फाटकाशी निंबाखाली तिचा रांजण. मे महिन्याच्या उन्हात अर्धमेला झालेला कोणी तिथं थांबला, की आजी गडू भरायची, हातातच धरून ठेवायची आणि विचारायची, "काय गा बाबू, जेवला का?"

ही नुसती सुरुवात. मग कुठून येऊन राहिला, घरी कोण कोण, पोरीचं जमलं का, नसेल तर काहून नाही जमलं. समाधान झालं की गडू त्याच्या हाती. मला नोकरी देताना सगळ्या साहेबांनी मिळून एवढं विचारलं नव्हतं.

एकदा स्कूटर बंद पडलेले एक वकील आले. "बाई, द्यायचं तर पाणी द्या," ते करवादले.

"देऊनच राहिली ना. बायको माहेरी गेली का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"शर्टाले बटन नाही, म्हणून विचारलं."

मग वकीलसाहेबांनी निंबाखाली बसून बायकोविरुद्धची सगळी बाजू आजीपुढे मांडली. निकाल बायकोच्या बाजूनं लागला.

बाबांना हे असह्य व्हायचं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घरातही टिपणी लिहिल्यासारखं बोलत. "आई, लोकांच्या खासगी बाबींत आपण पडू नये."

"मी कुठी पडून राहिली? पाणी पाजून राहिली."

"'पाजून राहिली' नाही, 'पाजते आहे'."

"तू म्हण तसं."

छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले देव गेले. त्यांची जागा आजीनं रांजणाला दिली. तो निदान कोणाच्या कामी तरी येतो, असं तिचं मत. रोज सकाळी ती तो स्वतः विसळायची. एवढ्या चौकशा कशाला, असं मी एकदा ती विसळत असताना विचारलं.

"आमच्या माहेरी, खाप्याकडे, विहिरीपासून लांब उभं राहा लागे," ती म्हणाली. "पाणी काढणारा एकच सवाल विचारे, कोण जातीची? सांगितलं का वरतून ओंजळीत ओते. मनात आलं तर. जेवली का, असं कोणी नाही विचारलं." मग मला म्हणाली, "सरक, पाय ओले होतीन."

जगातले सगळे प्रश्न विचारणाऱ्या आजीनं तो एक प्रश्न कधी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

आजी हिवाळ्यात गेली. उन्हाळ्यात वस्तीतल्या एका पुढाऱ्यांना तिची फार आठवण यायला लागली, कारण निवडणूक जवळ आली होती. फाटकाबाहेर मांडव उभा राहिला, भोंगा लागला, 'स्मृती पाणपोई' अशी पाटी चढली. पाटीवर पुढाऱ्यांचं नाव लिहून उरलेल्या जागेत आजीचं. मातीचा रांजण फोटोत बरा दिसेना, म्हणून त्यावर कापड टाकलं. भाषणात आजी 'जलमाता' झाली. ती होती तोवर हेच गृहस्थ रस्त्याच्या पलीकडून जात, कारण वस्तीतली नाली कधी होणार, हे ती पाण्याआधी विचारायची.

फीत कापली गेली. घामानं निथळणारा एक म्हातारा रिक्षावाला पुढे आला आणि त्यानं टेबलावरचा भरलेला ग्लास उचलला. इथं सर्व समाजांचे लोक पाणी पितात, हे भोंग्यावरून गावाला ऐकवायचं होतं. पुढाऱ्यांनी माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"काका, तुम्ही कोणत्या समाजाचे?"

रिक्षावाल्यानं ग्लास होता तसा खाली ठेवला आणि तो रिक्षाकडे वळला. टाळ्यांसाठी बसवलेल्या मंडळींना टाळ्या वाजवाव्या की नाही, कळेना.

बाबा पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. ते उठले. हार खुर्चीवर काढून ठेवला, निंबाखाली गेले आणि रांजणावरचं कापड ओढलं. हिवाळ्यापासून तो कोरडा पडला असेल, अशी माझी समजूत होती. तो काठोकाठ भरलेला होता. रोज सकाळी बाबांच्या बाह्या ओल्या का दिसायच्या, ते तेव्हा कळलं.

बाबांनी गडू भरला आणि रिक्षावाल्याला गाठलं. गडू पुढे केला, पण हातातून सोडला नाही. टिपणीतलं एकही वाक्य त्यांना सुचत नसावं.

"काय गा बाबू," ते म्हणाले, "जेवला का?"