टॉवेलाखालचा दर

आमच्या सॉफ्टवेअरची किंमत टॉवेलाखाली ठरते. पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, मी लाचेबद्दल बोलतोय. तसं काही नाही. खरोखरचा टॉवेल असतो, पांढरा, लाल काठांचा, आणि तो सोपानतात्यांच्या खांद्यावर असतो.

तात्या म्हणजे माझे जुन्नरातले शेजारी आणि धंद्यातले भागीदार. तरुणपणी ते बैलबाजारात दलाल होते. तिथे बैलाचा दर कुणी तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि देणारा कापडाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, आणि भोवतीच्या बघ्यांना काही कळायच्या आत सौदा होतो. एक बोट म्हणजे हजार, अख्खा पंजा म्हणजे पाच हजार. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार रोडावला आणि तात्या घरी बसले. मी पुण्याची नोकरी सोडून आलो आणि दुकानदारांसाठी बिलं आणि माल सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला. तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. दोन तालुक्यांतले दुकानदार ओळखणारा माणूस मात्र शेजारीच रिकामा बसला होता.

पहिलं गिऱ्हाईक घोडेगावचा खतवाला. मी लॅपटॉप उघडून घसा कोरडा करत होतो. तात्यांनी लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते दुकानभर हिंडले, पोत्यांवर थापा मारल्या, वजनकाट्यावर स्वतः उभे राहून आले. खतवाल्याने किंमत विचारली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "आधी हात बघू," आणि टॉवेल पसरला. दोघंही कोऱ्या चेहऱ्याने रस्त्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने तात्या म्हणाले, "ठरलं."

माझ्या मनात होती तिच्या दुप्पट किंमत मिळाली होती. पुढच्याच दुकानात त्यांनी तोच प्रोग्रॅम निम्म्याला दिला. मी वैतागलो.

"त्येचा हात मऊ व्हता, ह्येचा खरबरीत," तात्या म्हणाले. "समद्यांना एकच दर लावाया आपण काय एसटीचं तिकीट इकतोय?"

पुण्याच्या कंपनीत हेच ठरवायला एक वेगळा विभाग होता आणि त्याला काचेची खोली होती.

मीही हार मानली नाही. साधा, खास आणि अतिखास अशा तीन योजना कागदावर काढल्या. अतिखास कुणी घेत नाही, तिच्याकडे बघून लोक मधली घेतात, हे मी तात्यांना समजावलं. "म्हंजी एक बैल इकाया दुसरा नुसताच हुबा करायचा," ते म्हणाले. "आमी बी करायचो. पर त्यो बैल तरी खरा असायचा." मग त्यांनी नऊशे नव्व्याण्णववर बोट ठेवलं आणि ह्यो एक रुपाया कुणासाठी सोडलास, असं विचारलं. महिनाभर फुकट वापराची कल्पना तर त्यांना गुन्ह्यासारखी वाटली. "बैल चालवून बघत्यात राव. घरी न्हेऊन म्हैनाभर नांगरत न्हाईत."

आहुप्याच्या बाजूच्या एका तरुण किराणावाल्याला ही रीत ठाऊक नव्हती. टॉवेलाखाली म्हाताऱ्या माणसाने हात दिला म्हणून त्याने तो आदराने दोन्ही हातांनी घट्ट धरला. बाजारात याचा अर्थ दोन पंजे, म्हणजे दहा हजार. तात्या "ठरलं" म्हणून मोकळे झाले. आकडा ऐकून तो बिचारा पांढरा पडला. झालेला सौदा मोडणं तात्यांना मंजूर नव्हतं. "आता प्रोग्रॅम तुजा," ते म्हणाले. "मी त्यो इकत घेतो. हात दे." त्यांनी तो दहा हजारांना परत घेतला आणि नव्याने एका हजाराला विकला. तिन्ही व्यवहारांची बिलं मला करावी लागली.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीने आमचा प्रोग्रॅम राज्यभर विकायची तयारी दाखवली. अटी दोनच होत्या. दरपत्रक छापील असेल आणि पैसे फोनवरूनच भरायचे. मी तात्यांना सांगितलं. त्यांनी टॉवेलाची घडी घातली.

"मंग माजं काय काम?"

"वाटा आहेच की तुमचा. घरबसल्या मिळेल."

"घरी बसूनच आलोय मी," ते म्हणाले. काकू गेल्यापासून त्या घरात बोलायला कुणी नाही, हे मला माहीत होतं. तरी मी वाट्याचा हिशेबच सांगत राहिलो.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं आळे गावी रहीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. प्रोग्रॅमचा दर दरवर्षी नव्याने ठरतो आणि त्यांचं वर्ष संपलं होतं. रहीमभाई तात्यांचे जुने दोस्त, पावसाळ्यात वारले. गल्ल्यावर त्यांची बायको, नसीमभाभी, बसल्या होत्या.

"ते होते तेव्हा तुमचं टॉवेलात ठरायचं," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं कळत नाही. तोंडानं सांगा, किती द्यायचे?"

तात्यांनी टॉवेल काउंटरवर पसरला आणि त्याखाली एकट्यानेच हात घातला. नेहमीसारखे रस्त्याकडे बघत राहिले. मध्येच मान हलवून "न्हाई रहीमभाई, परवडत न्हाई," असं म्हणाले. मग हात बाहेर काढला.

"ठरलं. त्यांनी मूठ मिटली, भाभी. मिटल्या मुठीला कायबी द्यावं लागत नाय."

बैलबाजारात मिटल्या मुठीचा असा काही दर नाही. तो तात्यांनी तिथल्या तिथे काढला होता. भाभींनी पदर डोळ्यांना लावला आणि आतल्या बाजूला चहा सांगितला.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीपाशी बसले. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मागल्या वर्सी त्येचा हात लई हलका लागला व्हता. म्हनलं, तब्येतीचं इचारावं. पर सौद्यात तोंडावर काय दावायचं नसतं. नाय इचारलं."

तेवढ्यात पुण्याचा फोन आला. दरपत्रक कधी पाठवता, असं तो माणूस विचारत होता. मी म्हणालो, बाकीचा महाराष्ट्र तुम्ही घ्या, जुन्नर आणि आंबेगाव आमच्याकडे राहतील. इथला दर टॉवेलाखाली ठरतो. त्याला ती एखादी नवी योजना वाटली. वरच्यांना विचारून सांगतो म्हणाला.

तात्यांनी हे ऐकलं की नाही, कळलं नाही. ते बाहेरच बघत होते. टॉवेल त्यांच्या गुडघ्यावर पडला होता. मी त्याखाली हात घालून त्यांचा हात धरला. माझ्या कल्पनेपेक्षा तो कितीतरी हलका होता.

"तात्या, तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. सौद्याच्या वेळी ते असं कधी करत नसत.