मॅनेजरचं बारसं

"मॅनेजर मीच व्हणार. दुसरं कुणी केलं तर मी ह्या पायरीवरनं उठत न्हाई," असं सांगून व्यंकटी दत्तोपंतांच्या ओसरीवर चढला आणि काखेतला फुटबॉल खाली न ठेवता बैठकीत जाऊन बसला. पायरीवरून न उठण्याची धमकी देणारा माणूस आत येऊन बसला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बैठकीतली मंडळी त्या वेळी माळ्यावरून काढलेला पाळणा टांगण्यात गुंतली होती.

पाळण्याचं कारण सरकारी होतं. निजामाच्या मुलखात त्या दिवसांत सभा घ्यायची तर आधी कोतवालीची इजाजत लागायची आणि ती मिळेपर्यंत सभेचा विषय शिळा व्हायचा. नांदेडच्या फुटबॉल क्लबाचे जुने मॅनेजर मुलाकडे औरंगाबादला निघून गेलेले, पुढच्या जुम्म्याला लातूरची टीम येणार, आणि नवा मॅनेजर तर निवडायलाच हवा. तेव्हा वसंतराव वकिलांनी तोड काढली. दत्तोपंतांना नुकताच मुलगा झाला होता. बारशाला माणसं जमली तर कोण कशाला हरकत घेतो? सभेचं बारसं करायचं, घुगऱ्या खायच्या आणि खाता खाता मॅनेजर निवडून मोकळं व्हायचं. मुलगा मात्र आईसकट निलंग्याला होता, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. पण पाळण्यात डोकावायला येतंय कोण, असं वकील म्हणाले. वकिलांची हीच सवय होती. खटला हरेपर्यंत ते असंच म्हणत.

व्यंकटी नांदेडच्याच गाडीपुऱ्यातला. हैदराबादेत एका नवाबाच्या टीमकडून उमेदीची वर्षं खेळला, गुडघा तिथे ठेवून गावी परत आला. खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. मॅनेजरकी हुकली तर लातूरला मेव्हण्याच्या आडतीवर पोती उचलायला जाणं नशिबात होतं, आणि म्हणून तो आज पेटून आला होता.

"व्यंकटी, तू नाव काढलंस, आम्हाला अभिमान आहे," वकील म्हणाले. "पण मॅनेजरचं काम पायाचं नाही, तोंडाचं. उद्या हाकिमानं दरडावून विचारलं तर समोर उभं राहून जबाब द्यावा लागतो. खेळणारा माणूस तिथं त-त-प-प करतो."

"अन् दत्तोपंत?"

"त्यांच्याकडे शेरवानी आहे."

"मग शेरवानीलाच करा की मॅनेजर! दत्तोपंतांना कशाला तरास?"

कचेरीतले कारकून दत्तोपंत यावर नुसते खाकरले. त्यांना मॅनेजर व्हायची भारी हौस होती. फुटबॉलला मात्र त्यांनी जन्मात बोट लावलं नव्हतं, कारण तो चामड्याचा.

"चेंडू शिवत न्हाईत, अन् टीम चालवणार! पाण्याला न शिवता पोहायला शिकवणार व्हय?" व्यंकटीचा आवाज चढला. "पोरांना इचारा. पोरं माझ्यासंगं हायेत."

"पोरांना कमिटीत मत नाही," वकील म्हणाले.

वाद इथवर आला असताना दारात बांगड्या वाजल्या. व्यंकटीची थोरली बहीण कावेरीबाई गल्लीतल्या पाचसहा बायांना घेऊन उभी होती. तिच्या हातात कुंची आणि दुपटं होतं.

"बारसं हाय म्हनं, अन् गल्लीत बोलावणं न्हाई? लेकरू काय चोरून आणलंय का?"

तिला समजावून बाहेर काढावं तोवर दारात घोडा थांबला. अमीनसाहेब! कोतवालीचा मुख्य साहेब, मागे दोन जवान. वकिलांनी दत्तोपंतांकडे पाहिलं.

"मी नुसतं तशरीफ आणावी म्हणालो होतो," दत्तोपंत कुजबुजले. "बोलायची रीत असते. मला काय माहीत ते खरंच आणतील!"

"मुबारक हो, दत्तोपंत!" अमीनसाहेब गादीवर टेकत म्हणाले. "बच्चा किधर है जी?"

हाकिमापुढे जबाब देणारे वकील आढ्याची लाकडं न्याहाळू लागले. कावेरीबाईने एकवार रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं, एकवार भावाकडे, आणि पुढे होऊन त्याच्या काखेतला फुटबॉल ओढला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्यावर कुंची चढली, दुपटं गुंडाळलं गेलं आणि बाळ पाळण्यात निजलं.

"हितं हाय की साहेब. पालथं निजलंय. आत्यानं नाव ठेवल्याबिगर तोंड दाखवत न्हाईत आमच्यात."

"आत्या कौन?"

दत्तोपंतांना बहीण नव्हती. कावेरीबाई त्यांच्या कानाशी लागली. "मी व्हते मानलेली आत्या. पण नाव माझ्या मनाचं. मागनं कुणी तोंड उघडायचं न्हाई. हाय कबूल?"

पुढे तुरुंग दिसत असताना माणूस काय काय कबूल करतो! दत्तोपंतांनी मान हलवली.

बाया गाणं म्हणत पाळण्याभोवती उभ्या राहिल्या आणि बाळ फिरू लागलं. एकीने पाळण्यावरून द्यायचं, दुसरीने खालून घ्यायचं. चेंडू एकदाही खाली पडला नाही. एवढ्या धास्तीतही व्यंकटी पाहतच राहिला. आपल्या पोरांना हे कधी जमणार, या विचाराने त्याचा जीव तुटला. मग रीतीप्रमाणे बाळ बापाच्या मांडीवर आलं. दत्तोपंतांनी ते दोन बोटांत धरलं आणि तोंड असं केलं की आता आंघोळीशिवाय सुटका नाही.

"पहिला बच्चा है," अमीनसाहेब समजुतीने म्हणाले. "हाथ बैठा नहीं अबतक."

कावेरीबाईने बाळ पाळण्यात घातलं, कानाच्या अंदाजाने वाकून "कुर्रर्र" केलं, पाठीवर बायांचे धपाटे खाल्ले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं, "व्यंकटी!"

"अहो, आमच्या घराण्यात हे असलं..." दत्तोपंत उठले.

"मागनं तोंड उघडायचं न्हाई, ठरलंय."

अमीनसाहेबांनी चांदीचे वाळे स्वतःच्या हाताने पाळण्यात ठेवले. ठेवताना त्यांचा हात दुपट्यावर थोडा रेंगाळला, एकदा दाबल्यासारखाही झाला. मग मूठभर घुगऱ्या खाऊन ते निघाले. बैठकीने श्वास सोडला, आणि तेवढ्यात साहेब उंबऱ्यात थांबून वळले. आवाज आता कोतवालीतला होता.

"ये बच्चे का मॅनेजर कौन है?"

कुणीतरी हातातल्या घुगऱ्या सांडल्या. वकिलांनी पुन्हा आढं धरलं. दत्तोपंत हात जोडून म्हणाले, "हुजूर, मी तर फक्त बाप आहे!"

व्यंकटीला समोर जवानाची काठी दिसत होती. पण नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमेना. ज्या गोष्टीसाठी सकाळपासून भांडतोय ती संकटात सापडली म्हणून सोडायची? तो लंगडत पुढे झाला.

"मी हाय मॅनेजर. नांदेडच्या टीमचा. धरायचं तर मला धरा. बाकी मंडळी बारशाला आलीत."

अमीनसाहेबांनी त्याला गुडघ्यापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तो फिर काम देखो जी. बच्चे में हवा कम है. जुम्मे के पहले भरवा लेव. हम मॅच देखने आते."

घोडा गेला. कावेरीबाई म्हणाली, "वकीलसाहेब, जबाब कुणी दिला?" वकिलांनी मुकाट्याने घुगऱ्यांची वाटी व्यंकटीपुढे सरकवली, आणि कमिटीचा ठराव तेवढ्यावर पास झाला.

जुम्म्याला सामन्यात काय झालं ते नांदेडात कुणालाही विचारा. लातुरात विचारू नका. पुढे दत्तोपंतांची बायको विमल निलंग्याहून लेकरू घेऊन आली, तेव्हा नाव बदलायचा दत्तोपंतांनी पुष्कळ घाट घातला. पण साहेबांचे वाळे व्यंकटीला मिळालेले, गल्लीने घुगऱ्या व्यंकटीच्या खाल्लेल्या. आता दत्तोपंत रोज सकाळी शेरवानी चढवताना ओसरीवर ओरडतात, "व्यंकटी, खाली बस! व्यंकटी, ऐक माझं!" आणि व्यंकटी काही केल्या ऐकत नाही.