वापरलेला ग्रिल

"ताई निघाल्या. अर्ध्या तासात पोचतील," बायकोने फोन ठेवत सांगितलं आणि चित्रकलेचे मास्तर लगबगीने स्टुलावर चढले. ताईंनी वाढदिवसाला दिलेला इलेक्ट्रिक ग्रिल वर्षभर माळ्यावर खोक्यातच झोपा काढत होता. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आपण दिलेली वस्तू वापरात दिसली नाही, की पुढचे काही महिने अबोला ठरलेला.

ओट्यावर मांडल्यावर ग्रिल असा लखलखला, की पाहणाऱ्याने तिथल्या तिथे चोरी पकडावी.

"तपकिरी रंगाने दोन डाग काढू का?" मास्तरांनी विचारलं.

"डाग कसले काढताय! चार सँडविचं भाजा, आपोआप पडतील."

मास्तरांनी पिन लावून बटण दाबलं. "आधी रिकामा तापू द्यायचा असतो," असं ज्ञानही पाजळलं. ग्रिल तापला. धूर निघाला. पाव अजून पिशवीतच होता, म्हणजे जळत होतं ते काहीतरी वेगळंच. बायकोने पिन उपटून झाकण उचललं, तर दोन तव्यांमध्ये कारखान्यातूनच आलेला फोमचा तुकडा च्युइंगगमसारखा ताणला गेला.

"हा काढला नाहीत?"

"आत आहे हे मला काय स्वप्न पडणार?"

खिडक्या उघडल्या. तवे निवल्यावर मास्तरांनी लाकडी उलथनं चालवून पाहिलं, मग लिंबू, मग सोडा. फोम ढिम्म हलेना. शेवटी त्यांनी तारेची घासणी उचलली.

"तारेने नको, वरचा थर निघेल!" बायको ओरडेपर्यंत फोमबरोबर थरही निघाला होता.

आणि बेल वाजली.

ताई तडक स्वयंपाकघरात आल्या. ओरखडलेले, टक्कल पडलेले तवे पाहून त्या थबकल्या.

"ताई, त्याचं काय झालं..." मास्तर चाचरले.

"काही बोलू नकोस. दिसतंय मला!" ताईंनी पदर डोळ्यांना लावला. "इतका वापरलात? अरे, आपल्या धाकट्यालाही मी ग्रिल दिला होता, त्या तुझ्या भावाने तर खोकंसुद्धा फोडलं नव्हतं. आत्ता त्याच्याकडूनच येतेय. रागाने त्याचा ग्रिल उचलूनच आणला. म्हटलं, कदर आहे तिथे देऊ. जा, गाडीतून घेऊन ये."

"अहो, कशाला ताई..." बायको कशीबशी म्हणाली.

"आणि तो चांगला मोठा आहे. आता दर रविवारी आम्ही सगळे तुमच्याकडेच येऊ जेवायला!"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ताईंच्या गाडीची किल्ली घेऊन केव्हाच जिन्यात पोचले होते.