दोन जिवांच्या ताटातला तिसरा हात

कलावतीमावशी डोहाळजेवणाला जाते ती थेट पोटुशीच्या ताटात जेवायला. शेजारच्या पाटावर बसते, पण स्वतःचं ताट घेत नाही. फुलांची वाडी ल्यालेली सून समोरच्या गोडाधोडाकडे हताशपणे बघत असते, तोवर मावशीने पहिली पुरणपोळी उचललेली असते. मग पिशवीतला डबा उघडून ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी ती सुनेच्या ताटात सरकवते.

"तू हे खा माय. ते मी बघते."

आमच्या नांदेडच्या गल्लीत तिला खादाडबाई म्हणतात. बोलावणं असो नसो, कळलं की ती निघते. मुखेडची एसटी असो की मुदखेडची पॅसेंजर. कुणी हटकलंच तर तिच्याकडे रीत तयार असते. मुदखेडला म्हणते, "आमच्या देगलूरकडं असंच हाय. म्हातारीनं ताटात हात घातला की लेकरू शांत निपजतं." देगलूरला गेली की तीच रीत उदगीरची होते. एकदा मी विचारलं, मावशी, ही रीत खरी कुठली?

"जिथं मला कुणी वळखत न्हाई, तिथली."

मागच्या वर्षी माझ्या ताईचं डोहाळजेवण मुदखेडला, तिच्या सासरी होतं. गरोदरपणात तिची साखर वाढली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं: आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळापर्यंत पोचते, बाळ पोटातच गरजेपेक्षा जास्त वाढतं, बाळंतपण अवघड होऊ शकतं, आणि असं मूल पुढे लठ्ठ होण्याची शक्यताही वाढते. सांभाळलं तर पुष्कळ टळतं. ताई जिवापाड सांभाळत होती. सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "दोन जिवांची हाय, दोघांचं खाऊ द्या. डॉक्टरला काय, सांगायला पैसे मिळतात."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांच्या मोर्चांची पत्रकं घरात एवढी असायची की मी वाचायला शिकले ते 'मागण्या मान्य करा' यावरून. तेव्हा मीही पत्रक काढलं: 'गर्भवतीच्या ताटावर तिचाच हक्क'. छापून मुदखेडला नेलं. बायकांनी ते कौतुकाने घेतलं आणि त्यावर चिवडा वाढून घेतला.

सासूबाई बासुंदीची वाटी घेऊन ताईपुढे बसल्या. सगळ्यांचे डोळे ताईच्या तोंडाकडे. नाही म्हणावं तर सासरचा अपमान, हो म्हणावं तर बाळाची काळजी. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भाषणाच्या तयारीने उठले, तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात आला आणि वाटी गेली.

"लई ग्वाड झालीया," मावशी ओठ पुसत म्हणाली. "अजून हाय का?"

"तुम्हाला बोलावलं कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

"बोलावायला कशाला लागतंय? वास आलाय की ठेसनापतूर."

"पोरीच्या तोंडचं खाऊन राहिल्यात, लाज हाय का काही?"

"हाय ना बाई, घरी ठेवून आले. पिशवीत भाकर होती, जागा न्हाई उरली."

बायका हसल्या. मग देगलूरची रीत निघाली. बघता बघता ताट रिकामं झालं. रिकाम्या ताटावर रुसणार कोण? ताईने कितीतरी दिवसांनी कुणाशी न भांडता पोटभर भाकरी-भाजी खाल्ली. माझं भाषण झालं असतं, तर वाद मी जिंकले असते आणि त्या घरात पुढचे महिने काढले असते ताईने.

ताईला मुलगी झाली. वजन अगदी हवं तेवढं, दोघी सुखरूप. आणि ताईच्या सासूबाई आता जावेच्या सुनेला सांगतात, "आमच्या मुदखेडला जुनी रीत हाय ही."

हे सांगायला मी बर्फीचा डबा घेऊन मावशीकडे गेले. ती आतल्या खोलीच्या बंद दाराशी बसून भाकरी-ठेचा खात होती. तिने डबा बाजूला सारला. "मला ग्वाड न्हाई आवडत. कधीच न्हाई आवडलं."

दाराआडून ताटवाटीचा आवाज येत होता. "बाळू आलाय पुण्याहून," ती हळूच म्हणाली.

बाळू तिचा मुलगा. जन्मतःच दांडगा. गल्लीतली पोरं त्याला ड्रम म्हणायची, पंगतीत मोठी माणसं त्याच्या पोळ्या मोजायची, आणि बायका मावशीला विचारायच्या, पोटात असताना काय खाल्लंस गं एवढं? विचारणाऱ्या त्याच, आणि तेव्हा तिला आग्रहाने वाढणाऱ्याही त्याच. वाढणाऱ्याला कुणी कधी जाब विचारत नाही. बाळू अजून कुणासमोर जेवत नाही. आईसमोरही नाही.

"माझ्या टायमाला कुणी साखर तपासली न्हाई," मावशी म्हणाली. "त्यानंच झालं का आणखी कशानं, कुणाला ठाऊक. पण माझं ताट भरायला समद्या होत्या. ताटात हात घालणारी एक न्हाई."

"पण मावशी, लोक तुला खादाड म्हणतात."

"म्हणू दे की. मला म्हणतात तवर त्याला इसरतात."

आतला आवाज थांबला. "आई, बाहेर कोण हाय?"

मावशीने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग डबा ओढला, तोंड वाकडं करत बर्फीचा अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने ओरडली, "कुणी न्हाई रे. मीच खाऊन राहिले."

आत ताट पुन्हा वाजू लागलं.