प्रयत्नाचे गुण

सामना सुरू व्हायच्या आधीच सुनेने एक माणूस गारद केला. ती बँकेत कॅशियर होती आणि बँकेच्या रग्बी संघात गोल मारायचं काम तिचं. सरावात मारलेला तिचा चेंडू खांबांच्या बाहेरून गेला आणि गुणफलकाशी बसलेल्या कारकुनाच्या चष्म्यावर आदळला. चष्म्याशिवाय त्याला फलकच काय, मैदानही दिसेना. आता आकड्यांच्या पाट्या कोण लावणार, अशी शोधाशोध सुरू झाली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या सासूबाई आपणहून उठल्या. त्यांची सगळी नोकरी शाळेत गणिताचे पेपर तपासण्यात गेलेली.

समोर रुग्णालयातल्या नर्सचा संघ होता. सुनेने पहिली पेनल्टी दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून बरोबर घातली. सासूबाईंनी तीनची पाटी लावली. मग एक धिप्पाड नर्स तिघींना अंगावर घेऊन धावत आली आणि रेषेपलीकडे चेंडूसकट आडवी झाली. ट्रायचे पाच. त्यावर तिच्या मैत्रिणीने जादाचा गोलही मारला, त्याचे दोन. झाले सात. फलकावर मात्र चार दिसले.

पंच धावत आले. "बाई, सात लावा. ट्रायचे पाच असतात."

"ट्राय म्हणजे काय?"

"म्हणजे... प्रयत्न."

"नुसत्या प्रयत्नाला पाच, आणि ही माझी सून एवढ्या लांबून नेमका गोल मारते तिला तीन? प्रयत्नाला मी जन्मात दोनच्या वर गुण दिलेले नाहीत."

"अहो, नियम आहे तसा."

"असेल. पेपर माझ्याकडे आहे."

पंचांनी सुनेला बोलावून घेतलं. ती हळूच म्हणाली, "आई, लोक बघतायत. लावा ना सात."

"लोक बघतायत म्हणून चुकीचे गुण देऊ?"

पंचांनी हात टेकले. "राहू द्या. खरा हिशोब माझ्याकडे आहे," म्हणत ते परत गेले. सुनेने संघात कुणाला काही सांगितलं नाही. घरची गोष्ट मैदानावर कशाला काढायची.

तिने दुसरी पेनल्टीही मारली. फलकावर बँक सहा, नर्स चार. खरं तर नर्स एका गुणाने पुढे होत्या. पण चिखलात लोळताना बेरजा कोण करतंय, सगळ्यांचे डोळे फलकावर. वेळ संपली तेव्हा चेंडू नर्सकडेच होता. तो नुसता मैदानाबाहेर मारला असता तरी सामना त्यांचा होता. पण आपण हरतोय या समजुतीने त्या जिवाच्या आकांताने पळत सुटल्या. त्यात एक पडली, पडल्यावर चेंडू सोडायचा असतो तो सोडेना, आणि पंचांनी बँकेला पेनल्टी दिली.

"बाहेर घाल आणि संपव," कर्णधार म्हणाली. ती बँकेची मॅनेजरही होती.

"नाही मॅडम. मी गोल मारणार."

"अगं, आपण जिंकतोय. फलक बघ."

"फलकावर माझ्या सासूबाई आहेत."

"मग?"

"मग आपण हरतोय."

मॅनेजरने बदलीची धमकीसुद्धा देऊन पाहिली. सून वाकून चेंडू उभा करत राहिली. मग चार पावलं मागे गेली आणि मारला. चेंडू आडव्या दांड्यावर आपटला, वर उडाला आणि पलीकडे पडला.

"बँक नऊ, नर्स सात," पंचांनी जाहीर केलं. मॅनेजरने एकदा फलकाकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि बदलीचा विषय तिथेच मिटवून तिला मिठी मारली.

तोवर ती धिप्पाड नर्स फलकाशी पोहोचली होती. गुडघा सोललेला, ओठ सुजलेला. "काकू, माझे पाच कुठे गेले?"

सासूबाईंनी तिला जवळून न्याहाळलं. "हे सगळं त्या एका प्रयत्नात लागलं?"

"हो."

"तिघी अंगावर होत्या, तरी चेंडू सुटला नाही?"

"सोडला नाही."

सासूबाई विचारात पडल्या. पेपर पुन्हा तपासायला त्यांनी कधीच कुणाला नकार दिला नव्हता. त्यांनी चारची पाटी काढली आणि बँकेच्या नऊशेजारी दहाची लावली. नर्सचा अख्खा संघ धावत आला आणि फलकाखाली फोटोला उभा राहिला.

सून पोहोचेपर्यंत फोटो निघालाही होता. "आई, अहो, आम्ही जिंकलोय."

"जिंकलात की. मी कुठे नाही म्हणतेय," सासूबाई उरलेल्या पाट्या नीट रचत म्हणाल्या. "पण पहिली ती आली."