खापरपणजोबांचा गुन्हा

लॉन्सेस्टनच्या डेस्मंड ट्रँटरला खापरपणजोबा होते, याबद्दल शंका फक्त सरकारी दफ्तराला होती. आयझॅक ट्रँटर हा साधा शिपाई १८३४ साली इंग्लंडातून हद्दपार केलेल्या कैद्यांवर पहारा द्यायला पलटणीबरोबर टास्मानियात आला, असं घरात सगळे सांगत. आता चर्चच्या आवारात 'आद्य पहारेकऱ्यां'च्या नावांची पाटी बसणार होती, प्रत्येक नावाला कागदी पुरावा लागणार होता आणि डेस्मंडच्या नव्वदीतल्या बहिणीला, ईनिडला, तीवर आयझॅकचं नाव पाहूनच डोळे मिटायचे होते. तशी तिने इस्पितळातून नोटीसच दिली होती.

दफ्तरखान्यात जुन्या नोंदी शोधून द्यायला ग्लेनिस होती. "कैदी होता?"

"छे! शिपाई. अगदी सरळमार्गी."

"अरेरे," ती मनापासून हळहळली. "कैदी असता तर उंची, गोंदण, पडलेले दात, सगळं काढून दिलं असतं. सरळ माणसाबद्दल कोण लिहून ठेवतं, डेस? काही चोरलंबिरलं असेल तर बघ ना आठवून."

घरी बायकोने, नोरीनने, दिवाणखान्यात चौकटीत लावलेल्या जुन्या कागदाकडे नुसतं पाहिलं. तिचा पूर्वज मेंढी चोरल्याबद्दल कैदी म्हणून आलेला. त्याची चौदा पानं सापडली होती. "घराण्याला इतिहास असावा लागतो," ती म्हणाली.

ईनिड आधी भडकली. "ट्रँटरांत चोर नाहीत!" पण पाटीची तारीख जवळ आली तशी फोनवर कुजबुजू लागली, "दारू तरी प्यायला असेल रे मेला. नीट बघ!"

अकरा आठवडे डेस्मंड पलटणीच्या शिक्षांच्या वह्या चाळत होता. एके दुपारी तो खुर्चीतून ओरडलाच, "सापडला! केला, केला त्याने गुन्हा!" ग्लेनिसने टाळी दिली. मग त्याने पुढची ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. पहाऱ्यावर असताना बेडीतल्या कैद्याला स्वतःचा पाव दिला. शंभर फटके.

ईनिडला त्याने फोनवरच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एका पावाला शंभर?"

पाटी समितीचे अध्यक्ष वॉडम यांनी कागद दोन बोटांत धरला. "पाटी सद्वर्तनी शिपायांची आहे. हा तर शिक्षा झालेला."

"आणि शिक्षा झाली नसती तर?"

"तर तो इथे होता याला पुरावा काय?"

डेस्मंड मग कैदी-वंशजांच्या मंडळात गेला. तिथेही खेद व्यक्त झाला. कैद्याला पाव देणारा, असा रकाना अर्जात नव्हता.

ठरल्या दिवशी पाटीवरचा पडदा सरला. पहिलं नाव फटक्यांचा हुकूम देणाऱ्या कप्तानाचं होतं. त्याचं वर्तन निष्कलंक होतं आणि पुरावाही भरपूर होता, कारण शिक्षांच्या प्रत्येक पानावर त्याची सही होती. चाकाच्या खुर्चीतली ईनिड मोठ्याने म्हणाली, "चल रे डेस, इथे आपलं कोणी नाही."

टाळ्या मात्र कडकडून वाजल्या. वाजवणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखेच सज्जन होते. त्यांच्या नावावर कुठल्याही वहीत एक ओळ सापडणार नाही. त्यांनी अजून कोणाला पाव दिलेला नाही.